दीपमालाचं ‘होय’

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. ख्रिस्ती माणसानं ठेवू नये, आणि नारायण पेठेतल्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं तर मुळीच ठेवू नये. पण आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीवरून मला सहा वर्षं एक आवाज ऐकू येत होता, आणि तो ऐकलाच नाही असं म्हणण्याइतकी मी खोटारडी नाही. खोटारडी आहे, पण वेगळ्या बाबतीत. ते पुढे येईल.

त्या खोलीत मी दृढीकरणाचा वर्ग घ्यायची. म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली आमच्याच पोरांना ठाऊक नसतं. मूल तान्हं असताना त्याचा बाप्तिस्मा होतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याची धर्ममाता त्याच्या वतीनं देवाला वचन देते. पुढे चौदा-पंधरा वर्षांचं झालं की तेच वचन त्यानं स्वतःच्या तोंडानं द्यायचं, जन्मभरासाठी. बिशपसाहेब येतात, विचारतात, मूल उत्तर देतं, मग ते त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. झालं दृढीकरण. माझ्या वर्गातला पहिला धडा एवढाच असे: आजवर तुमच्या वतीनं दुसरे बोलले, आता तुम्ही बोला. हा धडा मी चाळीस वर्षं दिला, आणि तो मीच कसा मोडला, ते आता सांगायला बसले आहे.

आवाजाचं असं व्हायचं. सरावासाठी मी प्रश्न विचारायची, "प्रभूच्या मागे जन्मभर चालण्याचं वचन तू स्वतःहून देतेस काय?" मुलं एका सुरात उत्तर द्यायची. ती गप्प झाली की क्षणभरानं खिडकीजवळून, मुलीच्या बारीक आवाजात, "होय, देते." त्या खुर्चीवर कोणी नसायचं. मुलंही ती आपणहून रिकामी ठेवायची. एकदा मी खुर्ची उचलून पडवीत नेऊन ठेवली, तर पुढच्या शनिवारी पोरं तेवढी जागा सोडून बसली. "सरकून बसा की, तिथं काय सोवळं वाळत घातलंय?" मी ओरडले. सरकली, आणि दहा मिनिटांनी जागा पुन्हा मोकळी. मी घाबरले होते. घाबरले की मी जास्त ओरडते.

आवाज कोणाचा, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. तो दीपमालाचा होता.

दीपमाला ही शरच्चंद्र केदारींची एकुलती एक मुलगी. शरच्चंद्र खडकीच्या कारखान्यात होते आणि चर्चच्या कमिटीत त्यांचा शब्द चालायचा. १९७६ साली दीपमालाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तिची धर्ममाता होते. तिला हातांवर घेऊन तिच्या वतीनं मीच ‘होय, देते’ म्हटलं होतं. पोरीनं माझ्या नव्या साडीवर शू केली, म्हणून तो दिवस नीट लक्षात आहे.

मोठी झाली ती अबोल नव्हती, पण सावकाश होती. काही विचारलं की आधी मान खाली, मग मान वर, मग एक श्वास, आणि मग उत्तर. उत्तर बहुधा बरोबर असे. पण मला सावकाश माणसांचा राग येतो. शाळेतही मुलीनं उत्तराला वेळ लावला की मी स्वतःच ते फळ्यावर लिहून पुढच्या गणिताकडे वळायची.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये तिचं दृढीकरण ठरलं. पेपरांत रोज देशाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या होत्या. शरच्चंद्र म्हणत, आता सगळं भराभर होणार. त्यांनी मुलीसाठी पांढरा झगा शिवला, साठ माणसांची बिर्याणी सांगितली आणि समारंभ टेप करायला नवा टू-इन-वन घेतला. दोन आठवडे आधी दीपमाला वर्गानंतर मागे थांबली.

"बाई, मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "जन्मभराचं आहे ना? मग मला वेळ द्या."

"बिशपसाहेब दोन-तीन वर्षांतून एकदा येतात," मी म्हणाले. "एकट्या तुझ्यासाठी परत येणार आहेत का? आता तोंडानं म्हण. मनाचं मागनं बघू."

माझ्या तोंडून निघालेलं इतकं वाईट वाक्य दुसरं नसेल. त्या वेळी मला ते फार व्यवहारी वाटलं होतं.

आमच्या चर्चची पद्धत अशी, की मुलांना एकत्र विचारत नाहीत, एकेकाला नावानं विचारतात, आणि मुलाची धर्ममाता मागे उभी राहून त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवते. त्या वेळचे बिशप फार म्हातारे होते, पुस्तकातून डोकं वर काढत नसत. दीपमालाचं नाव आलं. त्यांनी प्रश्न विचारला. तिनं मान खाली घातली. वर पंखा कुरकुरत होता, कोणीतरी खोकलं, आणि माझ्या हाताखाली तिचा खांदा ताठ झालेला मला कळत होता. मग "होय, देते" ऐकू आलं, आणि बिशपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले.

ते मी म्हटलं होतं. सवयीनं निघालं. पंधरा वर्षांपूर्वी याच पोरीसाठी, याच जागी मी हेच शब्द म्हटले होते, तेच पुन्हा तोंडात आले. निदान स्वतःला मी असं समजावत आले.

उपासना संपल्यावर ती मागच्या नळावर मला भेटली. "बाई, ते कोण बोललं?"

"देवानं तुझ्या तोंडात शब्द घातला," मी म्हणाले.

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती प्रत्येक गोष्टीला ‘बरं’च म्हणायची. वडील म्हणाले कॉम्प्युटरचा कोर्स कर. बरं. परदेशी कंपनीचं टायपिंग करून देणाऱ्या एका ऑफिसात लाग. बरं. १९९७ साली श्रीधरचं स्थळ आलं. कॉम्प्युटरवाला मुलगा, अमेरिकेला जायच्या तयारीत. पाहुण्यांनी विचारलं, पसंत आहे ना? दीपमालानं मान खाली घातली. ती वर यायच्या आत शरच्चंद्र म्हणाले, "होय हो, लाजते आहे." मी तिथंच चिवडा खात बसले होते. तिनं वडिलांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. गप्प राहिली की तिच्या वतीनं बोलून टाकायचं, हे ते सगळे माझ्याकडूनच शिकले होते.

२००६ मध्ये ती काविळीनं गेली, तिसाव्या वर्षी. श्रीधर तेव्हा कामासाठी अमेरिकेतच होता. पुढे त्यानं तिथंच दुसरा संसार मांडला, आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी अपेक्षा आजोबांकडे राहिली. शरच्चंद्रांनी शहराबाहेर मांजरी गावात नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता, तेव्हा खिडकीतून ऊस दिसायचा. दीपमालाला आम्ही मातीत ठेवलं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच वर्गात तो आवाज सुरू झाला.

२०१२ च्या जानेवारीत शरच्चंद्र अपेक्षाला घेऊन आले. जूनमध्ये ती वडिलांकडे अमेरिकेला कायमची जाणार होती, आणि त्याआधी तिचं दृढीकरण व्हावं असं त्यांना वाटत होतं. आठ मुलांची तुकडी. अपेक्षा आत आली, "सलाम बाई" म्हणाली, आणि सरळ खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. घोगरा, जाडसर आवाज. माझ्या हातातला खडू खाली पडला.

"तिथं नको बसूस," मी म्हणाले.

"का? हलते का?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. मी खडू उचलला, ती तिथंच बसली.

त्या दिवशी सरावाचा प्रश्न विचारला तेव्हा सात मुलं बोलली. अपेक्षानं मान खाली घातली होती. मग त्या खुर्चीवरून बारीक आवाज आला, "होय, देते." मी तिच्या ओठांकडेच बघत होते. ते मिटलेले होते.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. "बाई, एक विचारू? तुम्ही माझ्या आईच्या गॉडमदर होता ना? हे ऐका." तिनं वडिलांनी पाठवलेला फोन काढला. शरच्चंद्रांनी त्या जुन्या कॅसेटची सीडी करून घेतली होती आणि पोरीनं तेवढाच तुकडा फोनवर घेतला होता. पडद्यावर नाव होतं: आई. "माझ्याकडे तिचा एवढाच आवाज आहे," ती म्हणाली. "रोज ऐकते मी."

म्हाताऱ्या बिशपांचा प्रश्न. मग पंख्याची कुरकुर, कोणाचा तरी खोकला, आणि "होय, देते." खिडकीजवळून यायचा, अगदी तोच आवाज.

"पण आई माझ्यासारखी घोगरी होती ना?" अपेक्षानं विचारलं. "ती हाक मारायची ते मला आठवतं. मग हा इतका बारीक कसा?"

"जुन्या कॅसेटचं तसंच असतं. टेप ओढली जाते."

"मग बिशपांचा नाही झाला बारीक?"

"तुझी बस चुकेल," मी म्हणाले.

घरी जायला धायरीच्या बसमध्ये बसले, तिकीट काढलं, आणि मग ते टाळता येईना. दीपमाला घोगरीच होती. गायनमंडळात तिला मागच्या रांगेत, पुरुषांच्या शेजारी उभं करायचे. सहा वर्षं तो बारीक आवाज ऐकूनही मला हे आठवलं नाही, कारण मला आठवायचं नव्हतं. आवाज तिचा नव्हता. माझा होता. आणि सवयीनं निघालेला शब्द आपल्या नेहमीच्या आवाजात निघतो. मी पन्नाशीला आलेली बाई होते. पंधरा वर्षांच्या मुलीचा वाटावा म्हणून मी तो बारीक केला होता. एवढं भान मला त्या क्षणी होतं. त्या खोलीत भूत होतं ते दीपमालाचं नव्हतंच, माझ्या खोटेपणाचं होतं, आणि ते मीच दर शनिवारी प्रश्न विचारून बोलावत होते.

दुसऱ्या दिवशी मी मांजरीला शरच्चंद्रांकडे गेले. पाय दुखतात म्हणून ते आरामखुर्चीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला काय कान नाहीत, मथुराबाई? तीन हातांवर बसलो होतो मी. माझ्या पोरीचा आवाज मला कळत नाही?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलायचं काय? तुम्ही माझी लाज राखलीत. मी अजून उपकार मानतो." ते थोडे पुढे झुकले. "ही पण आईवर गेली आहे. विचार करत बसते. हिची धर्ममाता वारली, तेव्हा मागे तुम्हीच उभ्या राहा. वेळ आली तर सांभाळून घ्या."

"आता माईक असतो, शरदराव."

"चेष्टा करू नका. पोर तिकडे चालली. तिथं तिचं कोण आहे? मी उद्या नसेन. निदान हे एक तरी तिच्याबरोबर असू द्या." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

मार्चमध्ये मी अपेक्षाला विचारलं, तुला खरंच करायचंय का? तिनं मान खाली घातली, वर केली. "माझं मला नाही कळत, बाई. पण आई केवढं क्लिअर म्हणाली आहे ना. तिला इतकं शुअर होतं, तर त्यात काहीतरी असणार." तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या खोट्यावर ही पोर जन्माचं वचन द्यायला निघाली होती. पण सांगितलं असतं तर तिच्या आईचा एकुलता एक आवाज तिच्याकडून गेला असता. मी गप्प बसले. जिथं बोलू नये तिथं बोलले होते, आणि जिथं बोलायचं तिथं वाचा गेली.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी समारंभ झाला. नवे बिशप तरुण होते, कॉलरला माईक, प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत बघून विचारणारे. अपेक्षा शेवटची होती. तिच्या अंगावर पांढरा झगा आणि तिच्या उजव्या खांद्यावर माझा हात. तोच हात, सत्तर वर्षांचा झालेला.

"अपेक्षा, प्रभूच्या मागे जन्मभर चालण्याचं वचन तू स्वतःहून देतेस काय?"

तिनं मान खाली घातली. हाताखाली तिचा खांदा ताठ झाला. पहिल्या बाकावरून शरच्चंद्रांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी जीभ दातांखाली धरली, इतकी घट्ट की तोंडात रक्ताची चव आली.

"होय, देते."

बारीक आवाज. खिडकीकडून नाही, तिच्या आणि माझ्या मधून. माझे दात मिटलेले होते, मी शपथेवर सांगते. आणि बिशपसाहेबांनी हात उचलले.

"थांबा साहेब," मी म्हणाले. "ती बोललेली नाही."

"मी ऐकलं, बाई."

"ऐकलंत. पण तो तिचा आवाज नाही. तो माझा आहे, वीस वर्षांपूर्वीचा. हिच्या आईला असंच विचारलं होतं, आणि ती गप्प होती. तिच्या जागी मी बोलले, आवाज बारीक करून. ती बोललीच नव्हती."

"बसवा त्यांना, बरं नाही त्यांना," शरच्चंद्र उठत म्हणाले. त्यांच्या मागचे जुने लोक मात्र खाली बघत होते. त्यांनाही कान होते.

बिशपसाहेबांचे हात हवेतच होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले आणि वाकून विचारलं, "बाळ, तू काही म्हणालीस?"

अपेक्षानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. "नाही," ती म्हणाली. तो घोगरा आवाज बिशपांच्या माईकमधून चर्चभर गेला. "मला अजून माहीत नाही." आणि ती रांगेतून निघून शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

बिर्याणी लोकांनी मुकाट्यानं खाल्ली. शरच्चंद्र माझ्याशी त्यानंतर बोललेले नाहीत. मी वर्ग सोडला. पाळकसाहेबांनी थांबा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

मे महिन्यात एका शनिवारी किल्ली परत द्यायला गेले, तर अपेक्षा त्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेली. पुढच्या आठवड्यात तिचं विमान होतं. मी उभीच राहिले.

"माझ्याकडे आता आईचा आवाज नाही," ती म्हणाली.

"चुकले मी, बाळा."

"जानेवारीत सांगायचं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

ती रागावलेली होती, आणि माझ्याकडून काढून घेण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो राग तिला कुठं ठेवावा कळत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं फोन काढला. तिनं त्या तुकड्याचे दोन भाग केले होते. ‘होय, देते’ एवढाच जो होता, त्याचं नाव ‘आई’ पुसून ‘मथुराबाई’ केलं होतं. दुसरा अकरा सेकंदांचा होता, बिशपांच्या प्रश्नानंतरचा आणि माझ्या शब्दाआधीचा. त्याचं नाव ‘आई’.

"एवढं तिचं आहे," अपेक्षा म्हणाली. "हेडफोन लावून ऐका. शेवटी काहीतरी आहे."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि कानांत लावलं. पंख्याची कुरकुर. खोकला. मग बराच वेळ काही नाही. आणि अगदी शेवटी, तुकडा संपायच्या आत, जवळून कोणीतरी श्वास घेतला. तो श्वास मला ठाऊक होता. मान खाली, मग वर, मग एक श्वास, आणि मग उत्तर. पंधरा वर्षं मी तो ऐकला होता.

मी पुन्हा लावायला सांगितलं. तिनं लावलं. मग तिसऱ्यांदा.

"ती बोलणार होती ना?" अपेक्षानं विचारलं.

"हो."

"काय म्हणणार होती?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी थांबले नाही."